तळमजला चालू, वरचे माळे बंद: इतवारीच्या बाजाराचं एक प्रकरण

नागपूरच्या इतवारीत रस्त्याला लागून तळमजल्यावर दुकान पाहिजे म्हटलं की दलाल पहिले हसतो, मग पगडीचा (भाडेकरूचा हक्क घ्यायला द्यायच्या एकरकमी पैशाचा) आकडा सांगतो, अन त्याच बिल्डिंगच्या दुसऱ्या माळ्यावरच्या खोल्यांना कुलूप लागून इतकी वर्षं झालेली असतात की किल्ली नेमकी कोणत्या भावाकडे आहे हे घरातल्यांनाच आठवत नाही. जिना एकच, भिंती त्याच, घरटॅक्सची पावतीही एकच, पण खालच्या अन वरच्या जागेची किंमत जणू दोन वेगळ्या शहरातली. मी जागांच्या व्हॅल्युएशनचं काम करतो, त्यामुळे हा भाग पायाखालचा आहे, आणि लोक सारखे विचारून राहिले की इतवारी संपली का, तिथं आता पैसा टाकावा का, रिडेव्हलपमेंट होणार तर कधी होणार. प्रत्येकाला तुकड्या-तुकड्यात सांगण्यापेक्षा अख्खं प्रकरण एकदा लिहूनच काढतो. माझं मत आधीच सांगतो म्हणजे शेवटपर्यंत वाचायचं की नाही हे तुम्हाला ठरवता येईल: इतवारीत गिऱ्हाईक कमी झालं असलं तरी धंदा बसलेला नाही, बसलेत ते वरचे माळे, आणि ते काहून बसलेत हे कळल्याशिवाय वरून कितीही योजना टाकल्या तरी फक्त बोर्ड लागतील.

आता इतवारी म्हणजे नेमकं काय, कारण नागपूरकर त्यात बरंच काही कोंबतात. मी धरतोय तो पट्टा म्हणजे सराफा ओळ, किराणा ओळ, भांडे ओळ, मस्कासाथ, शहीद चौक, तीन नल चौक, निकालस मंदिराच्या आजूबाजूच्या गल्ल्या, जुना भंडारा रोड, आणि सीए रोडला (सेंट्रल अव्हेन्यूला) लागून गांधीबागचा कपडा बाजार अन चितार ओळ. महाल ह्यात धरलेला नाही, त्याचा स्वभाव वेगळा आहे, तिथं वाडे, देवळं, ऑफिसं जास्त, पण केळीबाग रोडचं उदाहरण पुढे लागणार आहे म्हणून ते तेवढं आणीन.

जुना इतिहास थोडक्यात, कारण त्याशिवाय आजचा घोळ कळत नाही. गोंड राजा बख्त बुलंद शाहने १७०२ मध्ये शहर वसवलं, पुढे भोसल्यांची राजधानी झाली, त्यांच्या काळात वारांच्या नावाचे बाजार भरायचे, इतवारी, बुधवारी, शुक्रवारी, मंगळवारी, ही नावं अजून चालू आहेत. राज्य १८५४ ला इंग्रजांनी खालसा केलं. १८६७ मध्ये मुंबईहून रेल्वे आली, दहा वर्षांनी म्हणजे १ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली, आणि मग इतवारीला सोन्याचे दिवस आले. रेल्वेनं माल यायचा, मिलचा पगार इथं खर्च व्हायचा, आणि इतवारी स्टेशनातून छोटी लाईन उमरेड, भिवापूर, नागभीडकडे जायची, त्या गाड्यांनी खेड्यातला दुकानदार सकाळी यायचा, माल बांधायचा, संध्याकाळी परत. म्हणजे इतवारी हा नागपूरच्या लोकांसाठीचा बाजार होताच, पण त्याहून जास्त तो भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, तिकडे छिंदवाडा, शिवनी, बालाघाट, राजनांदगाव ह्या सगळ्यांचा घाऊक बाजार होता. हे विसरून लोक इतवारीची तुलना बर्डीशी (सीताबर्डीशी) नाहीतर वर्धा रोडच्या मॉलशी करतात, ती तुलनाच चुकीची आहे.

धंद्याची आजची हालत

किराणा अन धान्यापासून सुरू करतो कारण तिथली गोष्ट सोपी आहे. धान्य, मिरची, भाजी, फळं ह्यांचा मोठा घाऊक व्यवहार कळमन्याच्या यार्डात गेला, मोठा ट्रक दिवसा गावात शिरू शकत नाही, त्यामुळे हे होणारच होतं. मागे राहिला तो मसाले, सुकामेवा, साखर-तेल, पूजेचं सामान, पॅकिंगचं सामान असा अर्धा घाऊक अर्धा किरकोळ धंदा, तो दिवाळीत आणि लग्नसराईत अजूनही असा चालतो की मस्कासाथमध्ये पायी चालणं मुश्कील. बिस्कीट-साबण-चहापत्तीवाल्यांनी मात्र स्वतःचे डिस्ट्रिब्युटर नेमले, मालाची गाडी थेट गावातल्या दुकानासमोर उभी राहते, तिथं इतवारीच्या व्यापाऱ्याचं कामच उरलं नाही.

कपड्याचं जरा सविस्तर सांगायला पाहिजे. गांधीबागचा व्यापारी खरं तर कपडा विकत नव्हता, उधारी विकत होता. गोंदियाचा नाहीतर आरमोरीचा दुकानदार माल घेऊन जायचा, पैसे दोन-तीन महिन्यांनी, कधी पुढच्या सीझनला, व्यवहार सगळा ओळखीवर, कागद म्हणजे एक चिठ्ठी. नोव्हेंबर २०१६ च्या नोटबंदीनं त्या ओळखीच्या व्यवहाराला पहिला धक्का बसला, आणि १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा कपड्यावर कर आणि हिशोब दोन्ही आले, मग ई-वे बिल. ह्याच काळात सुरतचा माल दाखवणारे ग्रुप व्हॉट्सअ‍ॅपवर सुरू झाले, फोटो पाहा, ऑर्डर द्या, पार्सल ट्रान्सपोर्टनं घरी. आता गोंदियाच्या दुकानदारानं नागपूरला काहून यावं? तरी तो येतो, हे मला महत्त्वाचं वाटतं. तो येतो कारण सुरतवाला उधार देत नाही अन न खपलेला माल परत घेत नाही, गांधीबागवाला अजून देतो अन घेतो. ह्या एका सोयीवर तिथला तळमजला टिकून आहे. पण जुन्या पेढ्या चालवणाऱ्यांची पुढची पिढी पुण्याला नाहीतर बंगलोरला नोकरीत, आणि उधारी वसूल करायला स्वभाव लागतो, तो नोकराकडून होत नाही.

सराफा ओळीची गोष्ट वेगळीच आहे. सोन्याचे भाव चढले तसा दुकानाचा उलाढालीचा आकडा चढला पण वजनात विकलेलं सोनं तेवढं नाही. २०२१ पासून हॉलमार्किंग सक्तीचं झालं, छोट्या सराफाला ते सुरुवातीला जड गेलं, धरमपेठेत अन वर्धा रोडवर मोठ्या ब्रँडच्या शोरूम आल्या, एसीत बसून चहा पीत दागिने पाहायची सवय लोकांना लागली. पण मोडीचं सोनं, जुन्या पद्धतीच्या पोती-वजरटीका, दुरुस्ती, चांदीची भांडी, ह्यासाठी लोक अजून इतवारीतच येतात, अन शोरूमवाल्यांचाही बराच माल घडतो इथल्याच कारागिरांकडे. आणि इथंच गंमत आहे, अख्ख्या इतवारीत वरचे माळे कुठं जिवंत असतील तर ते सराफ्यात. तिथं बंगाली कारागीर आहेत, छोट्या खोलीत चार-पाच जण, काम तिथंच, झोपणं तिथंच. गॅस, ॲसिड, लाकडी माळा, एकच अरुंद जिना, आग लागली तर काय होईल हा विचार केला की पोटात गोळा येतो. धंद्याला त्यांची गरज आहे, सराफ्याचा खरा कारखाना तोच आहे, पण कागदावर तो माळा आजही रहिवासी नाहीतर गोडाऊन. सुधारणेच्या कोणत्याही नकाशात हे लोक दिसत नाहीत कारण नकाशा तळमजल्याच्या पाट्या वाचून बनतो.

चितार ओळीचा धंदा गणपती, दुर्गा, शारदा अशा हंगामाचा. तेवढे महिने गल्लीत मंडप टाकून काम, पीओपीचे नियम दरवर्षी नव्यानं डोकं खातात, मातीची किंमत वाढून राहिली. त्यावर जास्त लिहीत नाही.

एक गोष्ट मात्र ह्या सगळ्यांना लागू आहे. मार्च २०२५ मध्ये महाल-हंसापुरी भागात दंगल झाली अन कर्फ्यू लागला तेव्हा काही दिवस ह्या पट्ट्यातलं शटर उघडलं नाही, बाहेरगावचा गिऱ्हाईक त्यानंतर बराच काळ फोनवर आधी विचारायचा की आता यायला हरकत नाही ना. घाऊक बाजाराला असा एक आठवडा सुद्धा महाग पडतो कारण गिऱ्हाईकानं एकदा दुसरीकडून माल मागवला की तो नंबर त्याच्या फोनमध्ये राहतो.

वर कोणी काहून राहत नाही

पन्नास वर्षांपूर्वी इतवारीत खाली दुकान वर घर हीच पद्धत होती. शेठ खाली गादीवर, वरून जेवणाचा डबा यायची गरज नव्हती, हाक मारली की पुरे. मग घरं वाढली, भाऊ वेगळे झाले, गाड्या आल्या अन गाडी ठेवायला जागा नव्हती, मुलांची लग्नं जमवताना मुलीकडचे विचारायला लागले की राहायला कुठं, इतवारीत का? व्यापारी कुटुंबं लकडगंज, वर्धमाननगर, छाप्रूनगरकडे सरकली, मराठी कुटुंबं नंदनवन, मनीषनगर, बेसाकडे. मागे राहिल्या म्हाताऱ्या माणसांच्या खोल्या, मग तीही गेली. वरची जागा गोडाऊन झाली. गोडाऊन म्हटलं की वजन आलं, जुन्या सागाच्या तुळयांवर कापडाच्या गठाणी, भिंतीला भेगा, मग महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस. नोटीस लागली की बँक कर्ज देत नाही, कर्ज नाही म्हणून दुरुस्ती नाही, दुरुस्ती नाही म्हणून पुढच्या पावसाळ्यात परत नोटीस.

रात्री नऊनंतर सराफ्यातून जाऊन पाहा. कुत्रे अन चौकीदार. माणूस राहत नसला की रात्री दुकान फोडायची भीती, नळाची तक्रार करणारं कोणी नाही, कचऱ्याचा ढीग सकाळपर्यंत तसाच. फक्त मारबतीच्या दिवशी, तान्हा पोळ्याला काळी अन पिवळी मारबत ह्या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते तेव्हा वरच्या गॅलऱ्या माणसांनी भरतात, ज्यांचं घर आहे ते मुलाबाळांना घेऊन तेवढ्यापुरते येतात. ती गर्दी पाहून कोणाला वाटेल किती गजबजलेली वस्ती आहे. दुसऱ्या दिवशी परत कुलूप.

कायद्याचा गुंता

भाडेकरूचा प्रश्न म्हटलं की लोक लगेच मालकाची नाहीतर भाडेकरूची बाजू घेतात. जरा थांबा. विदर्भात आधी १९४९ चा सीपी अँड बेरार रेंट कंट्रोल ऑर्डर होता, मग महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ आला, तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. ह्या कायद्यानं भाडं वर्षाला ४ टक्के वाढवता येतं. पण मूळ भाडंच जर काही शेकड्यात असेल तर ४ टक्के वाढून होतं काय, घरटॅक्ससुद्धा निघत नाही. दुसरं, पगडी ह्या कायद्यानं चोरीची राहिली नाही, घेता येते. त्यामुळे भाडेकरूच्या हातात जी वस्तू आहे तिला बाजारात किंमत आहे, त्यानं किंवा त्याच्या बापानं ती पैसे देऊनच घेतलेली असते. तो फुकटा बसलेला नाही. आणि मालकही लुटारू नाही, त्याच्याकडे फक्त आखीव पत्रिकेवरचं (जमिनीच्या मालकीच्या सरकारी नोंदीतलं) नाव आहे आणि त्या नावाखाली आता अकरा वारस.

त्यात जमिनीचा प्रकार. काही प्लॉट पूर्ण मालकीचे, काही नझूलचे म्हणजे सरकारी लीजवर, काही नागपूर सुधार प्रन्यासच्या लीजवर, कारण प्रन्यास १९३६ च्या कायद्यानं बनली आणि सीए रोडसारखे रस्ते अन बाजूच्या योजना तिनं आखल्या. एकाच ओळीतल्या शेजारी-शेजारी तीन दुकानांची जमीन तीन प्रकारची असू शकते. नझूल फ्रीहोल्ड करायची विशेष अभय योजना सरकारनं नागपूर अन अमरावती विभागासाठी आणली, कल्पना चांगली, पण अर्ज करायचा तर सगळ्या वारसांच्या सह्या पाहिजेत. परत अकरा वारस.

ढोबळ हिशोब

लोकांना वाटतं इतक्या मोक्याच्या जागी बिल्डर उड्या मारत येईल. म्हणून एक हिशोब मांडतो, सगळे आकडे समजा म्हणून धरलेले आहेत, कोणत्याही खऱ्या प्लॉटचे नाहीत. समजा प्लॉट ३० बाय १०० फूट, इतवारीत असेच लांबट प्लॉट असतात, म्हणजे ३००० चौरस फूट. समोरून रस्तारुंदीत १० फूट गेले, उरले २७००. एफएसआय दोन, म्हणजे प्लॉटच्या दुप्पट बांधकामाची परवानगी, मिळाला असं धरू, बांधकाम ५४०० चौरस फूट. आता तळमजल्यावर पाच दुकानदार, मिळून १८०० फूट, त्यांना तेवढंच अन तळमजल्यावरच परत पाहिजे. वर दोन भाडेकरू, ९०० फूट. मालक तीन भाऊ, त्यांना १३०० फूट. झाले ४०००. बिल्डरला विकायला राहिले १४०० फूट, आणि ते सगळे वरच्या माळ्यावर, कारण तळमजला तर वाटून झाला.

बांधकामाचा खर्च फुटाला २२०० धरा, ५४०० फुटांचे जवळपास १ कोटी १९ लाख. वरच्या माळ्याला फुटाला ६००० मिळाले असं धरलं तरी १४०० फुटांचे ८४ लाख. पस्तीस लाखांचा खड्डा तर इथंच पडला, ह्यात महापालिकेचे प्रीमियम, लिफ्ट, फायरची यंत्रणा, पार्किंग, दोन-तीन वर्षं सात भाडेकरूंना पर्यायी जागेचं भाडं, काहीच धरलेलं नाही. वरच्या माळ्याचा भाव जर फुटाला नऊ-दहा हजार झाला तर हाच हिशोब बरोबरीत यायला लागतो. म्हणून मी वरच्या माळ्यावर अडून बसलोय. मुंबईत जुन्या इमारतीचं रिडेव्हलपमेंट होतं कारण तिथं वरचा फ्लॅट खालच्या दुकानाच्या तोडीचा विकतो, इतवारीत तसं नाही, आणि नुसता एफएसआय वाढवला तर न विकणारी जागाच जास्त तयार होते.

कोणी म्हणेल एम्प्रेस मिलच्या जागेवर मॉल झालाच ना. झाला, पण ती सगळी एका मिलची जमीन होती, एक नाव, एक सही. इथं तेवढ्या जागेत शेकड्यांनी सह्या लागतील. युडीसीपीआरमध्ये, म्हणजे राज्याच्या बांधकाम नियमावलीत, क्लस्टरची (बरेच प्लॉट एकत्र करून बांधायची) तरतूद आहे पण त्याला मोठा सलग तुकडा लागतो, तीन भावांचं पटत नाही तिथं तीस प्लॉटवाल्यांचं कोण पटवणार.

रस्त्याची रेघ

ह्या प्रकरणात सगळ्यात जास्त नुकसान कशानं केलं असं मला विचाराल तर मी रस्तारुंदीच्या अर्धवट रेघेचं नाव घेईन. जुना भंडारा रोड, मेयो हॉस्पिटल ते सुनील हॉटेल, ६० फुटी करायचा हे विकास आराखड्यात येऊन पंचवीस वर्षांच्या आसपास झाली. रेघ नकाशात आली त्या दिवसापासून दोन्ही बाजूच्या मालकानं पुढच्या भिंतीला हात लावला नाही. आज पाडतील उद्या पाडतील, कशाला रंग द्यायचा. पाडलं असतं तर एकदाच त्रास झाला असता, रद्द केलं असतं तरी लोकांनी घरं नीट केली असती. इतकी वर्षं दोन्ही झालं नाही. एक पिढी त्यात म्हातारी झाली.

केळीबाग रोडवर निदान तोडफोड झाली. तिथं अर्ध्या कापलेल्या घरांचे रंगीत आतले भाग, देव्हाऱ्याचे कोनाडे रस्त्यावरून दिसायचे, बरेच दिवस फार वाईट दिसलं, पण मग एकेक करत नवे दर्शनी भाग उभे राहिले. तिथून शिकण्यासारखं एवढंच की मोबदला आधी अन हातोडा नंतर असं ठेवलं तर लोक फार विरोध करत नाहीत. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात शहरी जागेला बाजारभावाच्या साधारण दुप्पट मोबदला बसतो, मालकाला ते परवडतं. टीडीआर (रोखीऐवजी मिळणारा, विकता येणारा बांधकामाचा हक्क) घ्या म्हटलं की मालक कचरतो, त्याला रोख पाहिजे, टीडीआर विकायला परत दलाल. आणि भाडेकरू? त्याचं दुकान दहा फूट खोल असेल अन दहा फूट गेले तर त्याचं सगळंच गेलं, मोबदला मालकाच्या खात्यात, मग कोर्ट. स्टे येतात ते बहुतेक ह्याच कारणानं येतात, विकासाला विरोध वगैरे काही नसतो.

मेट्रोनं काय बदललं

११ डिसेंबर २०२२ ला सीताबर्डी ते प्रजापतीनगर हा टप्पा सुरू झाला, अ‍ॅक्वा लाईन पूर्ण झाली. अग्रसेन चौक अन चितार ओळ चौक ही दोन स्टेशनं इतवारी-गांधीबागच्या उंबऱ्यावर आहेत. आता नकाशा नीट पाहा, हीच लाईन पुढे झाशी राणी, शंकरनगर, सुभाषनगर, लोकमान्यनगरला जाते, म्हणजे इतवारीत यायचं म्हणून ज्या धरमपेठी बायकांना गाडी कुठं लावू हा प्रश्न पडायचा त्या विनाबदल थेट येऊ शकतात. काम चालू असताना सीए रोडच्या दुकानदारांनी बॅरिकेडच्या मागे वर्षं काढली, त्याची भरपाई आता व्हायला पाहिजे होती. थोडी झाली. सणासुदीला फरक दिसतो. पण स्टेशनातून खाली उतरलं की सराफ्यापर्यंत चालायला फुटपाथ नाही, जो आहे त्यावर दुकानाचा माल, त्यापुढे दुचाक्या, त्यापुढे हातठेले, मग ई-रिक्षा. हातात सोनं असलेली बाई त्या गर्दीतून पर्स छातीशी धरून चालते, दुसऱ्यांदा येताना विचार करते.

इंदोरा ते दिघोरी जवळपास नऊ किलोमीटरचा उड्डाणपूलही ह्याच भागावरून जाऊन राहिला. त्यानं वरून जाणारी गर्दी वरून जाईल, खाली मोकळं होईल असं सांगतात, होईलही, पण घाऊक बाजाराला जाणाऱ्या गर्दीचा उपयोग नसतो, उतरणाऱ्या गर्दीचा असतो, त्यामुळे पुलाकडून मला बाजारासाठी फार अपेक्षा नाही. इतवारी-नागभीड छोटी लाईन नोव्हेंबर २०१९ मध्ये बंद करून तिचं ब्रॉडगेज करायला घेतलं, ती मला पुलापेक्षा महत्त्वाची वाटते. उमरेड-भिवापूरचा दुकानदार अन मिरचीवाला परत इतवारी स्टेशनवर उतरायला लागला तर तो थेट आपल्या दारात उतरतो. ह्याबद्दल बाजारात कोणी बोलताना दिसत नाही, सगळे पुलावर वाद घालून राहिले.

मग होऊ काय शकतं

स्मार्ट सिटीत नागपूरची निवड २०१६ मध्ये झाली तेव्हा विकासासाठी पारडी, पुनापूर, भरतवाडा हा भाग घेतला, जुना गावठाण घेतला नाही. राग येतो, पण कारण कळतं, मोकळ्या जागेवर रेघा मारणं सोपं. म्हणून मोठी योजना इतवारीवर येईल ह्या आशेवर कोणी बसू नये असं माझं मत आहे, अन आली तर तिच्यात बहुमजली व्यापारी संकुल असेल, ज्याच्या पहिल्या माळ्याच्या वर गिऱ्हाईक चढत नाही हे नागपूरनं अनेक जागी पाहिलेलं आहे.

होण्यासारखं आहे ते छोटं आहे. मेयो अन डागा ही दोन मोठी सरकारी हॉस्पिटलं ह्या भागाच्या चालत्या अंतरावर. भंडारा, गडचिरोली, बालाघाटहून पेशंट येतात, नातेवाईक हॉस्पिटलच्या आवारात सतरंजीवर झोपतात, नर्सिंगच्या अन मेडिकलच्या पोरापोरींना खोली पाहिजे असते. इतवारी-गांधीबागेतल्या रिकाम्या वरच्या माळ्यांना हा गिऱ्हाईक तयार आहे, दूरच्या आयटीवाल्याची वाट पाहायची गरज नाही. पण त्यासाठी जिना दुकानाच्या आतून न जाता रस्त्यावरून वेगळा पाहिजे, संडास-बाथरूम धड पाहिजे, अन इमारत मजबूत आहे हा इंजिनिअरचा कागद पाहिजे. एका माळ्याच्या दुरुस्तीला लागणारा पैसा पाडून बांधण्याच्या मानानं फारच कमी, अन भाडेकरूंशी भांडण नाही, कारण तळमजल्याला हातच लावायचा नाही. दुसरा गिऱ्हाईक म्हणजे ऑफिसं, जीएसटी आल्यापासून प्रत्येक व्यापाऱ्याला हिशोबनीस लागतो, टॅक्सवाल्यांची ऑफिसं धरमपेठेत अन त्यांची पार्टी इतवारीत, हे उलटं व्हायला हरकत नाही. तिसरे सराफ्यातले कारागीर, त्यांचा माळा रीतसर कारखाना म्हणून मान्य करून गॅसची पाईपलाईन अन दुसरा जिना दिला तर भाडंही वाढेल अन आगीची भीतीही कमी होईल.

गठाणी वरून उतरवल्याशिवाय ह्यातलं काहीच जमत नाही, म्हणजे गोडाऊन बाहेर जायला पाहिजे. कळमना, वाठोडा, भंडारा रोड अशा बाजूनं जागा आहे, दुकानात फक्त नमुने अन दोन दिवसांचा माल ठेवायचा, बाकी माल बिल्टीनं (ट्रान्सपोर्टच्या पावतीनं) थेट गोडाऊनमधून. काही मोठ्या पेढ्या हे आजही करतात. छोट्या व्यापाऱ्याची अडचण अशी की माल नजरेसमोर नसला की त्याला झोप येत नाही, अन दुसरी जास्त खरी अडचण, हमालांची. गोडाऊन गेलं की इतवारीतल्या हमालाचं आणि ठेलेवाल्याचं काम जातं. माथाडी मंडळाशी बोलून त्यांना नव्या गोडाऊनवर नेल्याशिवाय हा बदल केला तर हमाल संपावर जाईल, अन त्याचं बरोबरच असेल.

महापालिकेला मी काय सांगीन, तर जुन्या भंडारा रोडचा एकदाचा निकाल लावा, पाडा नाहीतर रेघ पुसा, अन चितार ओळ आणि अग्रसेन स्टेशनपासून सराफ्यापर्यंत एक धड फुटपाथ करा, माल उतरवायची वेळ सकाळी दहाच्या आत ठेवा. विशेष निधी लागत नाही ह्याला, पण फुटपाथवरचा माल उचलायला लागतो, अन तो माल ज्यांचा आहे तेच निवडणुकीत वर्गणी देतात.

जे मला विचारतात पैसा टाकावा का, त्यांना मी असं सांगतो. तळमजला पगडीवर घेऊ नका, भाव पूर्ण चढलेला आहे आणि हातात येतो तो फक्त भाडेकरूचा हक्क. अख्खी बिल्डिंग भाडेकरूंसह विकायला असेल अन मालक दोघांपेक्षा जास्त नसतील, जमीन पूर्ण मालकीची असेल, रस्तारुंदीच्या रेघेपासून लांब असेल, तर वकिलाला दाखवून बोलणी करा, अन किंमत लावताना वरचा माळा शून्य धरा. वरच्या माळ्याचे विकणारे पैसे मागतात, देऊ नका. अन घेतल्यावर पहिलं काम म्हणजे खालच्या पाचही दुकानदारांना एकत्र बसवून लेखी करार, कोणाला किती फूट, कोणत्या तोंडाला, काम चालू असताना ते कुठं बसतील, तिथलं भाडं कोण देईल. हा शेवटचा मुद्दा लोक सोडून देतात अन मग तीच बिल्डिंग अर्धी पाडून कोर्टात अडकते. दोन वर्षं ज्या दुकानदाराचं शटर इतवारीत उघडलं नाही त्याचा गोंदियाचा गिऱ्हाईक परत येत नाही, हे तो दुकानदार पक्कं जाणतो, म्हणून पर्यायी जागा त्याच ओळीत मिळाल्याशिवाय तो सही करणार नाही.